सार्वजनिक इमारतीत लाईट गेल्यावर नेमके काय पेटले पाहिजे?

वाचनालय_चिटणीस

नमस्कार. आमच्या तालुक्याच्या गावातील सार्वजनिक वाचनालयाची जुनी इमारत उतरवून त्या जागी तळमजला अधिक दोन मजले अशी नवी इमारत उभी राहत आहे. खाली देवघेव विभाग, मधल्या मजल्यावर अभ्यासिका आणि सर्वांत वर २५० आसनांचे सभागृह अशी रचना आहे. स्लॅब पडले असून विजेच्या कामाचे अंदाजपत्रक आता कार्यकारिणीपुढे आले आहे. त्यातील ‘आपत्कालीन दिवे व पर्यायी वीज’ या एका ओळीवरून मागच्या बैठकीत बराच वाद झाला.

वास्तुविशारदांच्या मते एक दणकट इन्व्हर्टर बसवला की काम भागते. विजेचे ठेकेदार ६२.५ केव्हीए क्षमतेच्या जनरेटरशिवाय परवानगीच मिळणार नाही, असे सांगतात. अध्यक्षांचे म्हणणे असे की आता लोडशेडिंग उरलेले नाही, तेव्हा दोन्ही खर्च वाचवून ती रक्कम ग्रंथखरेदीकडे वळवावी. सारा निधी देणग्यांचा असल्यामुळे कोणाचेच म्हणणे सहज झिडकारता येत नाही. कायद्याने काय बंधनकारक आहे, आणि कायदा क्षणभर बाजूला ठेवला तरी शहाणपणाचे काय, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

कंदील

अध्यक्षांचे म्हणणे अगदी खरे आहे. लोडशेडिंग उरलेले नाही. आता लाईट वेळापत्रकाशिवाय जाते.

निवृत्त_वीजवाला

चिटणीससाहेब, वादाचे मूळ असे दिसते की दोन वेगळ्या गोष्टी एकाच ओळीत लिहिल्या गेल्या आहेत. आपत्कालीन दिवे हे माणसांना इमारतीतून सुखरूप बाहेर पडता यावे यासाठी असतात. पर्यायी वीज ही आग विझवणारा पंप, धोक्याची घंटा, ध्वनिक्षेपक आणि लिफ्ट अशा गोष्टी चालू राहाव्यात यासाठी असते. एकीने दुसरीचे काम भागत नाही.

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ हा डिसेंबर २००८ पासून लागू आहे आणि त्यानुसार इमारतीच्या मालकाने किंवा भोगवटादाराने राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे उपाययोजना करणे बंधनकारक आहे. संहितेच्या २०१६ च्या आवृत्तीचा चौथा भाग आग व जीवसुरक्षेचा आहे. तुमचे सभागृह लोक जमण्याच्या इमारतींच्या वर्गात मोडते, त्यामुळे ‘इमारत बुटकी आहे’ ही सबब चालत नाही. बाहेर पडण्याच्या मार्गावरचे दिवे नेहमीच्या पुरवठ्यापासून स्वतंत्र स्रोतावर असावेत, लाईट गेल्यावर काही सेकंदांत आपोआप लागावेत, किमान ९० मिनिटे टिकावेत, मार्गाच्या मध्यरेषेवर जमिनीपाशी किमान १० लक्स उजेड मिळावा आणि एखादा दिवा बिघडला तरी बाकीची व्यवस्था निकामी होऊ नये, हा त्यातील गाभा आहे. जिथे जनरेटर आवश्यक ठरतो, तिथे त्याच्याऐवजी नुसते बॅटरीचे दिवे लावून चालणार नाही, हेही संहिता बजावते.

जनरेटर हवाच का, याचे उत्तर पंपावर अवलंबून आहे. अग्निशमन विभागाने ना-हरकत देताना कोणते पंप सांगितले आहेत, ते पत्र पाहून कळवा.

वाचनालय_चिटणीस

धन्यवाद. पत्रात गच्चीवरील टाकी आणि मिनिटाला ४५० लिटरचा विजेवर चालणारा पंप, त्याला पर्यायी वीजपुरवठ्याची जोडणी, धोक्याची घंटा, प्रकाशित निर्गमन फलक आणि आपत्कालीन दिवे असा उल्लेख आहे. लिफ्टही आहे, कारण आमचे निम्मे सभासद साठीच्या पुढचे आहेत.

घाटमाथा

विषय विनाकारण जड होतो आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. हे गगनचुंबी इमारतींचे नियम आहेत. दोन मजल्यांवरून माणसे अंधारातही उतरतात आणि आज प्रत्येकाच्या खिशात मोबाईलची बॅटरी आहे. ज्या संस्थेला वर्षाकाठी पुस्तके घेताना हात आखडता घ्यावा लागतो, तिच्या माथी केव्हीए आणि लक्स मारणे हा ठेकेदारांचा धंदा आहे.

बंबवाला

घाटमाथा यांच्या प्रतिसादावर लिहिणे भाग आहे, कारण माझी सगळी नोकरी अग्निशमन दलात गेली.

दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात १३ जून १९९७ रोजी ५९ माणसे गेली. आग तळमजल्यावरच्या ट्रान्सफॉर्मरला लागली होती आणि माणसे बाल्कनीत धुराने गुदमरून मेली. वीज गेली, आपत्कालीन दिवे नव्हते, ध्वनिक्षेपकावरून कोणी सूचना दिली नाही आणि जादा खुर्च्या बसवण्यासाठी एका बाजूची वाट बंद करण्यात आली होती. ती काही गगनचुंबी इमारत नव्हती. मृत्यूचा संबंध मजल्यांच्या संख्येपेक्षा, किती माणसे एकाच वेळी एकाच दाराकडे निघतात आणि त्यांना दार दिसते का, याच्याशी अधिक असतो.

मोबाईलच्या उजेडाबद्दलही सांगतो. धुरात समोर धरलेला प्रखर उजेड परत डोळ्यांवरच येतो. शिवाय तो धरणाऱ्याचा एक हात गुंततो, आणि जिन्यात कठड्याला धरायला किंवा म्हाताऱ्या माणसाला आधार द्यायला तोच हात हवा असतो. ना-हरकत पत्रात लिहिलेले नसेल, पण मी सभागृहाच्या दोन्ही जिन्यांत पायऱ्यांच्या कडांना अंधारात चमकणाऱ्या पट्ट्या लावायला सांगेन. धूर आधी छताशी साचतो आणि वरचे दिवे झाकतो. जमिनीजवळचे काहीतरी शेवटपर्यंत दिसत राहते.

जर्सी_सिटीकर

बंबवाला यांच्या पट्ट्यांबद्दल दुजोरा. न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये फेब्रुवारी १९९३ मध्ये तळघरात स्फोट झाला, तेव्हा नेहमीची वीज गेलीच, पण जनरेटरही थोड्या वेळात बंद पडले, कारण त्यांना थंड ठेवणारी पाण्याची व्यवस्था त्याच स्फोटात तुटली होती. हजारो माणसे काळोख्या, धुराने भरलेल्या जिन्यांतून कित्येक तास उतरत होती. त्यानंतर तिथल्या जिन्यांत स्वतंत्र बॅटरीचे दिवे आणि चमकणाऱ्या पट्ट्या आल्या आणि २००१ च्या हल्ल्याच्या वेळी वाचलेल्या अनेकांना त्यांचा उपयोग झाला. पुढे २००४ मध्ये न्यूयॉर्क शहराने उंच कार्यालयीन इमारतींना अशा खुणा सक्तीच्या केल्या.

कंदील

या पट्ट्यांना उजेड ‘पाजावा’ लागतो, हे मात्र ध्यानात ठेवावे. आमच्या गृहसंस्थेने वीज वाचवण्यासाठी जिन्यातले दिवे हालचाल टिपणारे करून घेतले. त्यामुळे पट्ट्या दिवसभर उपाशी राहतात आणि गरज पडेल तेव्हा आमच्याइतक्याच आंधळ्या असतील.

तिसरी_घंटा

मी हौशी नाट्यसंस्थेत प्रकाशयोजना करतो, त्यामुळे दुसरी बाजू मांडतो. दाराच्या वरचे हिरवे फलक प्रयोगभर जळत असतात आणि रंगमंचावर पूर्ण अंधार हवा असतो, तेव्हा पहिल्या रांगेतल्या प्रेक्षकांची नाकेसुद्धा हिरवी दिसतात. एका नाट्यगृहात तर फलक नेमका विंगेच्या तोंडाशी आहे. प्रयोगापुरते ते बंद करण्याचे बटण ठेवता येणार नाही का?

निवृत्त_वीजवाला

नाही. आपत्कालीन दिवे दोन जातींचे असतात: लाईट गेल्यावरच पेटणारे आणि कायम पेटते राहणारे. जिथे प्रेक्षक अंधारात बसतात, तिथे निर्गमन फलक कायम पेटता असावाच लागतो, कारण नाटक चालू असताना नेहमीचे दिवे आपणच मालवलेले असतात. मात्र फलक सौम्य प्रकाशाचा निवडता येतो, त्याला छोटी झडप लावून उजेड रंगमंचाकडे जाण्याऐवजी खाली आणि प्रेक्षकांकडे वळवता येतो आणि दाराची जागा ठरवतानाच विंगेचा विचार करता येतो. चिटणीससाहेबांच्या सभागृहाचे प्लॅस्टर अजून व्हायचे आहे, म्हणजे हे सगळे आज फुकटात होण्यासारखे आहे.

तिसरी_घंटा

झडपेची कल्पना पटली. बटणाची मागणी मागे घेतो. नाहीतरी आमच्याकडे ते बटण प्रयोगानंतर परत कोणी लावले नसते.

डॉ_ग्रामीण

रुग्णालयांचा अनुभव वेगळा असला तरी इथे उपयोगी पडेल. शस्त्रक्रियेच्या टेबलावरचा दिवा अर्ध्या सेकंदात परत लागला पाहिजे, असे आंतरराष्ट्रीय मानक आहे. जनरेटर कितीही चांगला असला तरी सुरू होऊन, स्थिर होऊन भार घेईपर्यंत दहा-पंधरा सेकंद जातात. ही मधली फट बॅटरीनेच भरावी लागते. त्यामुळे ‘इन्व्हर्टर की जनरेटर’ हा प्रश्नच आमच्याकडे कोणी विचारत नाही. पहिली काही सेकंदे बॅटरीची असतात आणि पुढचे तास जनरेटरचे.

१२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी मुंबई आणि परिसरातली वीज ग्रिडमधल्या बिघाडाने गेली, तेव्हा लोकल जागच्या जागी थांबल्या आणि करोनाच्या ऐन धामधुमीत रुग्णालये जनरेटरवर गेली. ज्या शहरात ‘लाईट जात नाही’ असे दोन पिढ्या सांगत आल्या, तिथली ही गोष्ट आहे. अध्यक्षांना सांगायला हरकत नाही.

छपरावरचे_सूर्यफूल

एवढा ऊहापोह कशासाठी? गच्चीवर दहा किलोवॉटचे सौर पॅनल बसवावेत. वीजबिलही वाचेल आणि लाईट गेली तरी फरक पडणार नाही. छत्तीसगडमध्ये शेकडो प्राथमिक आरोग्य केंद्रे सौर विजेवर चालतात.

निवृत्त_वीजवाला

हा गैरसमज फार पसरला आहे, म्हणून सविस्तर लिहितो. नेट मीटर (घेतलेली आणि परत दिलेली वीज मोजणारे मीटर) लावून ग्रिडला जोडलेली नेहमीची सौर यंत्रणा लाईट गेली की स्वतःच बंद होते, मग बाहेर रणरणते ऊन असले तरी. ती तशी बंद व्हावी अशी सक्तीच आहे, कारण अन्यथा तुमच्या गच्चीवरची वीज उलटी तारेवर जाईल आणि खांबावर चढलेल्या वायरमनचा जीव जाईल. छत्तीसगडच्या केंद्रांत बॅटऱ्या आहेत, म्हणून ती चालतात. तुम्हालाही बॅटरीसह यंत्रणा घेता येईल, पण मग बॅटरी किती वेळ पुरणार आणि दर काही वर्षांनी ती बदलायला पैसे कोण देणार, हे प्रश्न तिथेही उभे राहतात.

वीज उलटी जाण्याचा हाच धोका जनरेटरलाही आहे. महावितरणचा पुरवठा आणि जनरेटर एकाच वेळी जोडले जाणार नाहीत असे यांत्रिक अडसर असलेले चेंजओव्हर (एका पुरवठ्यावरून दुसऱ्यावर नेणारा स्विच) बसवणे अनिवार्य समजा. ६२.५ केव्हीएचे जनरेटर चालू करण्यापूर्वी विद्युत निरीक्षकांची परवानगी लागेल. तपासणीला आल्यावर ते हे चेंजओव्हर आणि अर्थिंग पाहतील.

वाशिष्ठी_काठ

जनरेटर घेणारच असाल, तर तो कुठे ठेवणार हे आधी ठरवा. चिपळूणकर म्हणून सांगतो.

२२ जुलै २०२१ च्या पुरात आमच्या शहरात पाणी पहिल्या मजल्याला भिडले. तळमजल्यावर, पार्किंगच्या कोपऱ्यात, आवारातल्या फूटभर जोत्यावर ठेवलेले जनरेटर, मीटरच्या पेट्या, इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या हे सगळे पहिल्याच तासात गेले. जी यंत्रे संकटासाठी घेतली होती, ती संकटात सर्वांत आधी बुडाली. पाणी ओसरल्यावर एका संस्थेचा जनरेटर उघडताना मी हजर होतो. कव्हर काढले तर आत अल्टरनेटरच्या वेटोळ्यांत चिखल थापल्यासारखा बसला होता आणि डिझेलच्या टाकीच्या तळाशी पाण्याचा वेगळा थर दिसत होता.

पंप, पॅनल, टाकी, बॅटरी यांपैकी जी वस्तू सर्वांत खाली असेल, तिच्याच उंचीवर तुमची सगळी यंत्रणा उभी आहे असे समजा. २०१२ च्या सॅंडी वादळात न्यूयॉर्कच्या एका मोठ्या रुग्णालयाचे जनरेटर वरच्या मजल्यावर सुखरूप होते, पण त्यांना इंधन चढवणारे पंप तळघरात होते. ते बुडाले आणि रात्रीच्या रात्री रुग्णांना जिन्यांवरून खाली आणावे लागले.

वाचनालय_चिटणीस

हा मुद्दा आमच्या बैठकीत कोणाच्याही डोक्यात आला नव्हता. गावाला नदी आहे, पण पूररेषा आमच्यापासून बरीच लांब आहे. तरीही जोत्याची उंची वाढवण्याचा विषय मांडतो. जनरेटर मागच्या बोळात, शेजारच्या कंपाउंडलगत ठेवायचा विचार आहे.

निवृत्त_वीजवाला

मग शेजाऱ्यांशी आधी बोलून घ्या. आवाजरोधक कव्हरसह आलेल्या जनरेटरचा आवाज एक मीटरवर ७५ डेसिबलपर्यंत असतो, आणि धुराडे बोळातच सोडून चालत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सूत्राप्रमाणे धुराड्याची उंची म्हणजे इमारतीची उंची अधिक केव्हीएच्या वर्गमुळाच्या ०.२ पट मीटर. ६२.५ केव्हीएला हे साधारण १.६ मीटर येते, म्हणजे नळी तीन मजले चढवून गच्चीच्याही वर न्यावी लागेल. ठेकेदाराच्या अंदाजपत्रकात ही नळी आहे का, ते तपासा. बहुधा नसेल.

दुसरा प्रश्न आकाराचा. ६२.५ हा आकडा आला कुठून? सभागृहाच्या वातानुकूलनासकट सगळी इमारत जनरेटरवर चालवायची असेल, तर ठीक आहे. परंतु पंप, लिफ्ट, घंटा आणि काही दिवे एवढेच चालवायचे असेल, तर याहून बराच लहान पुरेल. पंपाची मोटर सुरू होताना नेहमीच्या सहापट प्रवाह ओढू शकते, हे धरून आणि योग्य स्टार्टर लावून हिशोब करायला सांगा. गरजेपेक्षा फार मोठा जनरेटर घेतला तर तो कायम अल्प भारावर चालतो, इंधन पुरते जळत नाही आणि धुराड्यातून काळे तेल गळू लागते. अमेरिकेतल्या मानकात महिन्यातून एकदा अर्धा तास, किमान ३० टक्के भारावर जनरेटर चालवायला सांगितले आहे, त्यामागे हेच कारण आहे. आपल्याकडे रखवालदार आठवड्यातून एकदा पाच मिनिटे नुसताच घरघरवतो आणि वहीत ‘चालू आहे’ असे लिहितो.

कंदील

रखवालदाराला बोल लावू नये. चेंजओव्हरच्या खोलीची किल्ली चिटणीसांकडे असते आणि चिटणीस या चर्चेच्या धाग्यावर असतात.

लीड्सचा_पाहुणा

इथे ब्रिटनमध्ये मी इमारतींच्या देखभालीचे काम करतो. इथल्या मानकाप्रमाणे दर महिन्याला प्रत्येक आपत्कालीन दिव्याचा पुरवठा क्षणभर तोडून तो पेटतो का ते पाहायचे आणि वर्षातून एकदा पूर्ण मुदतीची, बहुतेक ठिकाणी ३ तासांची, चाचणी घ्यायची. दोन्हींची नोंद वहीत करावी लागते आणि अपघात झाल्यावर सर्वांत आधी तीच वही मागितली जाते. उजेडाची किमान मर्यादा मात्र इथे मार्गाच्या मध्यरेषेवर फक्त १ लक्स आहे. वर १० लक्स वाचून मी चकित झालो.

घाटमाथा

म्हणजे कागदावर आपण साहेबांच्या दहापट उजेडात आहोत.

लीड्सचा_पाहुणा

कागदावर, हो. पण पूर्ण मुदतीच्या चाचणीबद्दल एक गोष्ट सांगतो. ती इमारत रिकामी होण्याच्या वेळी घ्यावी, कारण चाचणीनंतर बॅटऱ्या रित्या असतात आणि त्या परत भरायला सुमारे २४ तास लागतात. त्या काळात खरोखरच लाईट गेली, तर दिवे लागत नाहीत. दोन जिने असतील, तर एका दिवशी एकाच जिन्याची चाचणी घ्यावी.

प्रपत्र_ब

आपल्या कायद्यातही नियतकालिक तपासणी आहे. परवानाधारक संस्थेकडून दर जानेवारीत आणि जुलैत, यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रपत्र ‘ब’ घेऊन अग्निशमन अधिकाऱ्यांना सादर करायचे असते. मी ज्या संकुलात काम करतो तिथे ते दोन्ही वेळा न चुकता येते, बरेचदा ईमेलने. तपासायला माणूस आल्याचे कोणाच्या स्मरणात नाही. एकदा मी चौकशी केली तेव्हा उत्तर मिळाले की मागच्या वेळी सगळे ठीक होते, म्हणून या वेळीही ठीकच असणार.

बंबवाला

प्रपत्रावर सही करणाऱ्याला समोर उभा करून मेन स्विच पाडायला लावावे. ज्याला पाडायला भीती वाटते, त्याची सही घेऊ नये.

आणखी एक गोष्ट, जी जनरेटरवाले सांगत नाहीत. आगीच्या ठिकाणी पोहोचलो की आम्ही पहिल्यांदा वीज तोडतो. आपोआप चालू होणारा जनरेटर समजतो की लाईट गेली, आणि जळत्या वायरिंगमध्ये तो परत वीज सोडतो. आत पाण्याचा फवारा घेऊन आमची माणसे असतात. म्हणून पंपाची केबल थेट स्वतंत्र न्यावी, बाकी इमारतीचा जनरेटरवरचा पुरवठा बाहेरून तोडता येईल असा स्विच प्रवेशद्वाराजवळ असावा आणि त्यावर मराठीत ठळक पाटी असावी. सौर पॅनल बसवले, तर त्यांचाही उल्लेख त्याच पाटीवर हवा, कारण दिवसा पॅनलपासून खाली येणाऱ्या तारांत वीज असतेच.

अभ्यासिका_मुक्कामी

मी स्पर्धा परीक्षेची तयारी करते आणि दिवसाचा बराचसा वेळ अशाच एका अभ्यासिकेत काढते. आमच्याकडे इन्व्हर्टर आणि जनरेटर दोन्ही आहेत. तरीही एका संध्याकाळी जिना आणि स्वच्छतागृहाकडचा बोळ पूर्ण काळोखात होता, आणि बाकी इमारत लख्ख होती. जनरेटर सुरूच झाला नाही. एक मुलगी पायऱ्यांवरून घसरली आणि तिचा घोटा दुखावला. नंतर वायरमन म्हणाला की जनरेटरचा यात काही दोष नाही. हे कसे, हे मला आजही समजलेले नाही.

निवृत्त_वीजवाला

ताई, या संपूर्ण धाग्यातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न तुम्ही विचारला आहे.

जनरेटरचे स्वयंचलित पॅनल फक्त बाहेरून येणारा पुरवठा पाहते. तो चालू असेल, तर त्याच्या दृष्टीने सारे आलबेल आहे. तुमच्याकडे जिन्याच्या एकाच सर्किटचा एमसीबी (बिघाड होताच आपोआप पडणारा स्विच) पडला असणार. बाहेरची वीज होती, म्हणून जनरेटर उठला नाही; मीटरजवळच्या इन्व्हर्टरलाही तेच वाटले. छोट्या आगीतही असेच होते: आधी एखादे सर्किट जळते आणि नेमका त्या भागात अंधार होतो. म्हणून आपत्कालीन दिव्याने ‘इमारतीत वीज आहे का’ हे पाहून भागत नाही. आपल्या परिसरातल्या दिव्यांच्या सर्किटमध्ये वीज आहे का, हे त्याने पाहिले पाहिजे. आतच बॅटरी असलेला दिवा जिन्याच्या त्याच सर्किटच्या न तुटणाऱ्या तारेवर, म्हणजे भिंतीवरच्या बटणाच्या अलीकडे जोडला की हे साधते. बटणाच्या पलीकडे जोडला, तर रोज रात्री दिवे मालवताच तो पेटून बॅटरी संपवतो. मग वैतागून कोणीतरी त्याची पिनच काढून ठेवते.

वास्तुविशारदांच्या एका मोठ्या इन्व्हर्टरला माझा आक्षेप याचसाठी आहे. ताकदीचा हा प्रश्नच नाही. ५ वॉटचे ३० दिवे ९० मिनिटे चालवायला २२५ वॉट-तास लागतात, आणि १५० अँपिअर-तासाच्या एका १२ व्होल्ट बॅटरीत कागदोपत्री १८०० असतात. परंतु त्या एका बॅटरीचे एक टोक सैल झाले, तिच्यावर तो पांढरट-हिरवा खार चढला, किंवा तिच्यापासून निघणारी एक केबल जळली, की तीसच्या तीस दिवे एकदम जातात. सुटे दिवे घेतले, तर जाईल तो एक जातो. त्यातल्या बॅटऱ्या चार-पाच वर्षांनी बदलाव्या लागतील, तो खर्च मात्र धरून ठेवा. उन्हाने तापणाऱ्या छतालगतचे आधी जातील.

घाटमाथा

सुटे दिवे, चमकत्या पट्ट्या आणि लहान जनरेटर, एवढ्याला माझी हरकत नाही. माझी हरकत ६२.५ ला होती आणि ती निवृत्त_वीजवाला यांनीही उचलून धरली आहे, याची नोंद व्हावी.

डॉ_ग्रामीण

नोंद झाली. लिफ्टमध्ये अडकणाऱ्यांबद्दल कोणीच बोलले नाही, म्हणून लिहितो. निम्मे सभासद साठीच्या पुढचे असतील, तर लाईट जाताच लिफ्टला जवळच्या मजल्यावर आणून दार उघडणारे बॅटरीचे उपकरण अवश्य घ्या. जनरेटर आला तरी घ्या. बंद लिफ्टमध्ये अडकलेल्या हृदयरोग्याला जनरेटर दहा मिनिटांत दुरुस्त होईल हे सांगून उपयोग नसतो.

वाचनालय_चिटणीस

सर्वांचे मनापासून आभार. काल बैठक झाली. अध्यक्षांना १२ ऑक्टोबर २०२० ची आठवण दिली, तेव्हा ते त्या दिवशी मुंबईतच, एका थांबलेल्या लोकलमध्ये होते असे निघाले, आणि पुढची चर्चा सोपी झाली.

ठरले ते असे. जिने, बोळ, स्वच्छतागृहे आणि सभागृहाची दारे येथे स्वतःची बॅटरी असलेले सुटे दिवे, त्या-त्या सर्किटच्या न तुटणाऱ्या तारेवर. सभागृहात कायम पेटते, झडपेचे फलक. पायऱ्यांना पट्ट्या. जनरेटरचा आकार पंप आणि लिफ्ट धरून नव्याने काढून मागितला आहे. ठेकेदार नाराज आहेत, पण तयार झाले. जनरेटर आणि पॅनल तीन फुटी जोत्यावर जातील. धुराड्याची नळी अंदाजपत्रकात खरोखरच नव्हती. वातानुकूलन जनरेटरवर असणार नाही. लाईट गेली तर व्याख्याते घाम पुसत बोलतील.

एकच शंका उरली आहे. महिन्याची चाचणी घेताना अभ्यासिकेतल्या मुलांना बाहेर काढावे का?

लीड्सचा_पाहुणा

काढू नये. आदल्या दिवशी फलकावर सूचना लावावी, लिफ्ट रिकामी असल्याची खात्री करून ती थांबवावी आणि संध्याकाळी अंधार पडल्यावर, मुले आत बसलेली असतानाच एकेका सर्किटचा एमसीबी पाडावा. दुपारी बारा वाजता खिडक्या उघड्या ठेवून घेतलेल्या चाचणीत सगळेच दिवे पुरेसे वाटतात.

अभ्यासिका_मुक्कामी

आणि स्वच्छतागृहातला दिवा आत जाऊन, दार लावून तपासावा. दाराबाहेर उभे राहून नव्हे.

वाचनालय_चिटणीस

दोन्ही सूचना वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेतल्या. किल्ली आता ग्रंथपालांकडे राहील, हे कंदील यांना कळवतो.